बिनदातांचं मशीन

चिमाजींचं म्हणणं साधं होतं. फिल्म ओढायची तर दात लागतात. दात भोकात बसतो, चाक फिरतं, फिल्म पुढे सरकते. उभ्या हयातीत त्यांनी दुसरं काही पाहिलं नव्हतं, आणि ऐंशीच्या घरात आल्यावर सुनेनं नवं काही शिकवावं अशी त्यांची इच्छाही नव्हती.

"आमच्या सूनबाईंनी बोळकं मशीन काडलंय," कापूरहोळच्या चौकात चहा पिणाऱ्यांना ते सांगत. "फिलीम चावायची न्हाई, नुस्ती चघळायची."

हे रत्नाच्या कानावर यायचंच, कारण तिचं दुकान चौकापासून हाकेच्या अंतरावर होतं. हायवेवरून भोरचा रस्ता फुटतो तिथे, पंक्चरवाल्याच्या शेजारी, मोटर वायंडिंगचं. भाटघरपासून पार हिर्डोशीपर्यंतचे लोक पंपाच्या जळालेल्या मोटरी तिच्याकडे आणत. जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वार्निश द्यायचं. लेथ तिचा नवरा अमृत सांभाळायचा, वायंडिंग तिचं. सुरुवातीला गिऱ्हाइकं प्रश्न तिला विचारायची आणि उत्तरासाठी अमृतकडे बघायची. पुढे त्यांची मान आपोआप योग्य बाजूला वळायला लागली.

सासऱ्यांच्या टोमण्यांना ती उत्तर देत नसे. मशीन चाललं की तेच बोलेल, असा तिचा हिशेब होता.

चिमाजी टूरिंग टॉकीजचे ऑपरेटर. वेल्हे, नसरापूर, भोर, जिथे जत्रा तिथे तंबू. तंबूत मशीन एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की पडदा पांढरा व्हायचा, आणि शिट्ट्यांच्या जागी दगड यायच्या आत दुसरं रीळ चढवावं लागायचं. या कामात चिमाजींचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. पुढे जत्रेतल्या लोकांनी तंबूकडे पाठ फिरवली. मालकानं कापड आणि जनरेटर विकून टाकला. जुनं मशीन आणि एका पिक्चरचे चौदा डबे तेवढे चिमाजींच्या वेल्ह्याच्या जुन्या घरात माळ्यावर राहिले. काळा-पांढरा पिक्चर, शहरात पडलेला आणि जत्रांत मात्र डोक्यावर घेतलेला.

त्या पिक्चरची दुसरी प्रत कुठेही उरलेली नाही, हे पद्मजानं शोधून काढलं. पद्मजा भोरची, वकिलाच्या घरातली; पुण्यात जुन्या फिल्म सांभाळणाऱ्या एका संस्थेत कामाला. डब्यांची बातमी कळल्यावर ती वेल्ह्याला आली, पहिल्या डब्याचं झाकण उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. आतून लोणच्यासारखा आंबट वास आला. फिल्म आंबायला लागली होती, आणि आंबलेली फिल्म आक्रसते. भोकांमधलं अंतर कमी होतं, मशीनच्या दातांमधलं होत नाही. अशी फिल्म दाताच्या चाकावर घातली की दात भोकात बसायच्या ऐवजी भोकाच्या कडेवर चढतो आणि कड फाडत सुटतो. दात नसलेली मशीनं असतात, पण तिच्या संस्थेकडे तसं नव्हतं. मागणी करून ठेवली होती आणि ते कधी येईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. तोवर डबे थंड खोलीत बंद करून ठेवायचे, एवढंच हातात होतं.

"मंग ऱ्हाऊ द्या हितंच," चिमाजी म्हणाले होते. "म्या लावतो एकदा मशीनवर. फाटली तर फाटली. पण चालंल तर खरी."

त्यांची थट्टा नव्हती. थंड खोलीतून डबे बाहेर येतील तेव्हा आपण नसू, हे त्यांना सरळ दिसत होतं. रत्नालाही दिसलं. तिनं पद्मजाकडे बिनदातांच्या मशीनचं चित्र मागितलं, ते मोबाईलवर मोठं करून बराच वेळ पाहिलं, आणि एकच गोष्ट विचारली: फिल्म किती ताण सोसते?

तिच्या दृष्टीनं हे तिचंच काम होतं. तार एका रिळावरून दुसऱ्यावर न्यायची. ताण जास्त झाला तर तारेवरचं इनॅमल तडकतं, कमी झाला तर वेढे सुटे बसतात. भरलेलं रीळ जड असतं आणि हळू फिरतं. संपत आलं की हलकं होतं आणि पळतं. दोघांच्या मधे तारेला मात्र हे काही कळता कामा नये. तारेच्या जागी फिल्म घातली की झालं. अर्थात तेवढ्यानं झालं नाही. पद्मजा सुट्टीला भोरला आली की दुकानात येऊन बसायची, फिल्म हातात कशी धरायची इथपासून शिकवायची, आणि बनवलेल्यातलं अर्धं नापास करायची. दोघींचं त्यावरून वाजलंही. पण दोन पावसाळे गेल्यावर दुकानाच्या मागच्या भागात एक टेबल उभं राहिलं, ज्यात दोघींनाही काढायला खोट उरली नव्हती.

टेबलावर दोन आडव्या थाळ्या. डावीवर भरलेलं रीळ, उजवीवर फिल्म गुंडाळून घ्यायचा रिकामा गाभा. प्रत्येकीखाली स्वतंत्र मोटर. मधोमध मऊ रबर चढवलेला रूळ. फिल्म त्याला अर्धा वळसा घालायची आणि तो फिरला की नुसत्या पकडीवर ओढली जायची. रुळाच्या दोन्ही अंगांना स्प्रिंगवर तोललेला एकेक हात. फिल्म सैल पडली की हात खाली यायचा, ताठली की वर जायचा, आणि हात हलेल तशी थाळीची मोटर आपला जोर कमीजास्त करायची. रूळ किती फिरला यावरून फिल्म किती पुढे गेली हे मोजलं जायचं. वर कॅमेरा, बाजूला कॉम्प्युटर.

बुधवारी सकाळी पद्मजा चाचणी घ्यायला आली. वेल्ह्याचे डबे आधीच दुकानात आणून ठेवले होते. संस्थेनं एक दिवस दिला होता. चाचणी पास झाली तर पिक्चरची कॉपी इथेच, या टेबलावर होणार. नापास झाली तर पुण्याहून संध्याकाळी येणारी गाडी चौदाही डबे घेऊन थंड खोलीकडे जाणार. गाडी निघायची की नाही, हे पद्मजाच्या फोनवर ठरणार होतं.

चाचणी कागदावर सोपी होती. फिल्म भरधाव पुढे न्यायची, ठरवलेल्या फ्रेमवर थांबवायची, सुरुवातीला आणायची, पुन्हा न्यायची. तीन वेळा तीच फ्रेम आली पाहिजे, आणि तेवढ्यात फिल्मला एकही हिसका बसता कामा नये. पद्मजानं फिल्म हळू सरकवत एक फ्रेम निवडली. पाटलाच्या डोक्यावरून फेटा उडतो, तो हवेत असतानाची. आधीच्या फ्रेममध्ये फेटा अजून डोक्याला टेकलेला, नंतरच्या फ्रेममध्ये एका पोराची बोटं त्याला लागलेली. चुकलं तर लगेच कळावं.

चिमाजी लाकडी खुर्चीवर बसले होते. मशीन सुरू झालं, थाळ्या फिरल्या, हात किंचित डोलले आणि फिल्म कुरकुर न करता डावीकडून उजवीकडे वाहायला लागली. थांबली तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाटील होता, बोडका. पोरगं फेटा घेऊन फ्रेमच्या बाहेर निघालं होतं.

पद्मजानं आकडा लिहून घेतला. पुन्हा सुरुवात, पुन्हा पुढे. आता पोरगंही नव्हतं, नुसता पाटील. तिसऱ्यांदा पाटीलही पाठ करून चालू लागला होता.

"पब्लिक असतं तर येव्हाना खुर्च्या फुटल्या असत्या," चिमाजी म्हणाले.

रत्नानं मशीन थांबवलं आणि हात पदराला पुसत उभी राहिली. संस्थेनं सरावासाठी दिलेली कोरी फिल्म शंभरदा तरी या टेबलावरून गेली होती; एक फ्रेम कधी इकडची तिकडे झाली नव्हती. मग आज काय? फिल्म आक्रसली म्हणून चूक, असं म्हणावं, तर आक्रसलेली फिल्म जाताना जेवढं चुकवेल तेवढंच येताना भरून देईल. फेरी पूर्ण झाली की हिशेब जुळलाच पाहिजे. इथे दर फेरीला चूक वाढत होती. म्हणजे फिल्म रुळावरून घसरत होती. तिनं रुळावर बोट टेकवलं. सकाळी रबर बोटाला धरत होतं. आता बोट गुळगुळीत सरकलं.

तेवढ्यात पद्मजानं तिला मशीनला हात लावू नका म्हणून सांगितलं. पद्मजाच्या हातातल्या पांढऱ्या सुती मोज्यांच्या बोटांवर पिवळं लागलं होतं. रुळावरही तसाच पिवळा पट्टा होता. फिल्म पिवळसर आहे हे दोघींनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि वयानं पडलेला रंग म्हणून सोडून दिलं होतं. पण वयाचा रंग हाताला लागत नाही.

"रत्नाताई, हा फिल्मवरचा थर सुटत असेल तर संपलं," पद्मजा म्हणाली. "चित्र त्याच थरात असतं. दर फेरीला आपण पिक्चर पुसतोय. मग हेच काय, कुठलंच मशीन नको. मी डबे बंद करते."

तिचा आवाज शांत होता, आणि म्हणूनच ते खरं वाटत होतं. चिमाजी खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी पद्मजाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

रत्नानं घाई केली नाही. बॅटरी घेतली, फिल्मच्या काठाशी धरली आणि वाकून पाहिलं. पिवळं होतं ते दोन्ही काठांना, भोकांच्या रांगेत. एकेका भोकाच्या कोपऱ्यात तर कणी बसली होती. मधला भाग, जिथे चित्र होतं, तो स्वच्छ काळा-करडा. थर सुटत असता तर तो मधूनही सुटला असता. तिनं एका फडक्याचं टोक रुळावर घासलं, पिवळं टोक उजेडात धरलं, आणि सासऱ्यांकडे हात पुढे केला.

"मामंजी, चुन्याची डबी द्या."

"आता तंबाखू खायाला लागलीस?" चिमाजींनी विचारलं, पण कोपरीच्या खिशातून डबी काढून दिली.

रत्नानं नखावर चुना घेतला, त्यात पाण्याचा थेंब टाकला आणि फडक्याच्या पिवळ्या टोकाला चोळला. टोक लाल झालं. कुंकवासारखं लाल.

पद्मजा आधी फडक्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. भोरच्या घरात हळदीचं कुंकू होताना तिनंही लहानपणी पाहिलं होतं.

"हळद," ती म्हणाली. "पण फिल्मच्या डब्यात हळद कुठून आली?"

"हळद न्हवं बाईसाहेब, भंडारा हाय त्यो," चिमाजी म्हणाले. "जेजुरीचा."

मग कुणी न विचारता त्यांनी सगळं सांगितलं. जत्रा खंडोबाची असो, भैरवनाथाची असो नाहीतर मेंगाईची, पहिल्या खेळाआधी डबे देवळासमोर न्यायचे, झाकणं उघडायची आणि दर रिळावर चिमूटभर भंडारा टाकायचा. असा रिवाज होता, आणि तो त्यांनी एका जत्रेला चुकवला नव्हता. दाताच्या मशीनला त्याचं काहीच वाटायचं नाही. दात भोकात घुसला की घुसला, भंडारा असो की माती. वेढ्यांच्या फटींतून उतरत उतरत तो आत गेला आणि इतकी वर्षं तिथेच बसून राहिला. हे आधी का सांगितलं नाही, असं पद्मजानं विचारलं तेव्हा त्यांना खरंच नवल वाटलं. भंडारा न टाकता डबा उघडतात तरी कसा, असं त्यांनी उलट तिलाच विचारलं.

थर शाबूत होता. पण तेवढ्यानं चाचणी पास होत नव्हती. कॅरमच्या बोर्डावर पावडर टाकली की सोंगटी जशी पळते, तशी फिल्म भंडाऱ्यावरून पळत होती. रूळ पुसला तरी पुढचा वेढा नवी पूड घेऊन येणार. फिल्म धुऊन घ्यावी, तर संस्थेतलं धुण्याचं मशीनही दातांचंच होतं. पद्मजानं घड्याळ पाहिलं आणि गाडी संध्याकाळी येतेय याची आठवण करून दिली. ती धमकी नव्हती. नियम होता आणि तो दोघींना ठाऊक होता.

रत्ना टेबलाभोवती एक चक्कर मारून आली. तिची चूक तिला दिसली होती. पकडीवर भरवसा ठेवून तिनं ओढायचं आणि मोजायचं अशी दोन्ही कामं एकाच रुळाला दिली होती, आणि कोऱ्या फिल्मवर ती शोभलीही होती. जत्रेतून आलेल्या फिल्मचं वळण वेगळं होतं. मग रुळाकडून दोन्ही कामं काढून घ्यायची. ओढायचं उजव्या थाळीनं, आवरून धरायचं डावीनं, मधला तोल दोन हातांनी सांभाळायचा. रूळ मोकळा फिरेल, नुसता टेकू. आणि मोजायचं भोकांवरून. फिल्म घसरो, आक्रसो, एका फ्रेमला प्रत्येक काठाला चार भोकं असतात, ती बदलत नाहीत. खालून उजेड टाकायचा, वरून तो टिपणारा डोळा, म्हणजे सेन्सर, लावायचा.

पद्मजानं शंका काढली, आणि ती बरोबर होती. भोक फाटलेलं असेल तर डोळा चुकेल.

"दोन डोळे लावू. दोन्ही काठांना," रत्ना म्हणाली. "येका काठाचं फाटलं तर दुसऱ्याचं धरायचं. पण ताई, वेग निम्मा व्हईल. त्याच्या वर डोळ्याला मोजणं झेपणार न्हाई."

पद्मजानं थोडा विचार केला आणि निम्मा चालेल म्हणाली.

एक डोळा कपाटात होता. दुसरा वायंडिंगच्या मशीनवर, तारेचे वेढे मोजायला बसवलेला. रत्ना स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिकडे वळली तसा अमृत लेथ बंद करून आला. भाटघरच्या गेनूची मोटर संध्याकाळपर्यंत द्यायची कबूल केली होती, गहू पाण्याला आला होता, त्याला काय सांगायचं, असं तो विचारत होता.

"उद्या सकाळी देते म्हणून सांगा. आज हातानं मोजून गुंडाळीन न्हाईतर राती बसंन. हा डोळा आज हितं लागतोय."

अमृतनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गेनूला फोन लावायला बाहेर गेला. बाहेरून त्याचं समजावणं बराच वेळ ऐकू येत होतं.

दुपारच्या जेवणाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. रूळ फिरवणारा मोटरचा पट्टा निघाला. डोळे काठांवर बसले, चिकटपट्टीनं आवळून, वायरी टेबलावरून लोंबकळत. डोळ्यांच्या आधी रत्नानं रंगाचे दोन मऊ ब्रश उलटे बांधले, भोकांतली पूड झटकायला. पूड खाली फरशीवर पडायला लागली तसे चिमाजी उठले. देवाचं पायाखाली येतंय, हे त्यांना चालणार नव्हतं. मागच्या गल्लीतल्या घरातून तांब्याचं ताम्हन मागवलं गेलं आणि ते ब्रशांच्या खाली ठेवलं. मग ते हलू नये म्हणून चिमाजी स्वतःच ते धरून उभे राहिले, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा ते बिनदातांच्या मशीनच्या इतक्या जवळ आले.

रत्नानं कोरी फिल्म न घालता सरळ पहिला डबा लावला. पद्मजानं भुवई उंचावली, पण अडवलं नाही.

फिल्म सुटली. आता तिची चाल बदलली होती. मधून कुणी ओढत नव्हतं, त्यामुळे ती दोन थाळ्यांमध्ये एका सुरात वाहत होती. हात जेमतेम श्वास घेतल्यासारखे हलत होते. आकडा चढत गेला. ठरलेल्या जागेच्या जरा आधी वेग उतरला, डावी थाळी आवरली, उजवी आवरली, आणि फिल्म उभी राहिली.

पडद्यावर फेटा हवेत होता.

एका वेळेला काही अर्थ नव्हता. फिल्म मागे गेली, पुन्हा आली. फेटा हवेत. मागे जाताना एक जुना जोड आला, चिमाजींनीच कधीकाळी घाईत मारलेला, जाड. टेबलाचा उजवा हात एकदम वर उचलला गेला आणि रत्नाची बोटं बंद करायच्या बटणावर गेली. पण मोटरनं जोर सोडला, हात खाली आला, जोड पुढे निघून गेला. तिनं बटणावरून बोट काढलं. तिसरी फेरी.

फेटा हवेत. पाटलाचा हात डोक्याकडे निघालेला, पोराची बोटं अजून फेट्याला न लागलेली.

पद्मजानं फिल्मचे दोन्ही काठ भिंगाखाली तपासले, फुटाफुटानं. नवी फाट एकही नव्हती. मग तिनं मोजे काढले, फोन लावला आणि गाडी पाठवू नका म्हणून सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "पास म्हणजे पास," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं दुसऱ्या डब्याकडे हात नेला. उजेड होता तोवर निदान अजून एक रीळ कॅमेऱ्याखालून काढू, असा तिचा बेत होता.

"आज न्हाई, ताई," रत्ना म्हणाली. "चाचणीपुरतं चिकटपट्टीवर चाललं. पिक्चरला चिकटपट्टी न्हाई चालायची. डोळे पक्के बसवते, ब्रश दोनाचे चार करते, मग सोमवारी या."

"मी पास केलंय, आणि तुम्ही मलाच थांबवताय?"

"तुमी फिल्म पास केली. मशीन म्या अजून केलं न्हाई."

पद्मजा हसली आणि तिनं दुसरा डबा परत जागेवर ठेवला. चौदाही डबे दुकानातच, पाठीमागच्या थंड कोपऱ्यात राहतील, असं ठरलं. ती पर्स घेऊन दारापर्यंत गेली.

चिमाजी ताम्हन घेऊन उभेच होते. त्यांनी ते फळीवर नीट ठेवलं, खुर्ची टेबलापाशी ओढली आणि पडद्यासमोर बसले.

"सोमवारी काय ते करा तुमी," ते म्हणाले. "हे जे लावलंय ते तरी म्होरं जाऊ दे. हळू सोड. म्या बघतो."

"आवाज न्हाई यायचा, मामंजी. तेचं अजून बसवलं न्हाई."

"आवाज म्या देतो की."

रत्नानं वेग अगदी खाली आणला, पूर्वी तंबूत असायचा तेवढा, आणि फिल्म सोडली. फेटा पोराच्या हातात पडला. पाटील वळला. चिमाजी पाटलाच्या आवाजात ओरडले, मग बारीक आवाज काढून पोराचं उत्तर दिलं, ओठांच्या हालचालीवर शब्द बरोब्बर बसवत. लेथपाशी अमृत थांबला. दारात उभी असलेली पद्मजा परत आत आली, पर्स मांडीवर घेऊन टूलवर बसली. रत्ना पडद्याकडे बघत नव्हती. तिची नजर टेबलाच्या दोन हातांवर होती. दोन्ही जागच्या जागी, स्थिर. पहिल्या रिळाचं शेवटचं टोक उजव्या थाळीवर चढेपर्यंत तिनं ती तिथून हलवली नाही.